महागडी पॉलिसी आणि मावशीचे पापे

रारोटोंगा, रविवार

लाडके मीमेतुआ,

घाबरू नकोस, मी मजेत पपई खात बसलोय. भाच्याच्या लग्नात तेपाएरू मावशीने आणि तिच्या मैत्रिणींनी गळ्यात हार घालून माझे पापे घेतले, त्यातून कोविड झाला. डॉक्टरांनी मोटेलच्या खोलीतच राहायला सांगितलंय. मावशी खिडकीखाली येऊन स्तोत्रं गाते आणि वर म्हणते, "मीमेतुआला कळवू नकोस हं, माझी खरडपट्टी काढेल ती."

कोविडचाही खर्च देणारी प्रवास विम्याची महागडी पॉलिसी तू हट्टाने घ्यायला लावलीस, म्हणून आता खोलीचं भाडं आणि परतीचं नवं तिकीट विमा कंपनी देतेय. अंघोळ करताना जरा धाप लागते, एवढंच. तू नीट जेवतेस ना?

दुखणं वाढलं तर घरच्या एकाला इथे येण्याचा खर्चही मिळतो म्हणे. थोडा जोरात खोकू का?

तुझी वाट बघणारा,
तेआरिकी