नारिंगी ताऱ्याचा खोडलेला आकडा

प्रिय बाबा,

हे पत्र आई वाचून दाखवत असेल. आई, मध्ये थांबू नकोस.

रविवारी मराठी मंडळात तुमचं भाषण आहे. भूतप तारकासमूहातला आपला नारिंगी तारा अकरा वर्षांत हळूहळू उजळला, हा तुमचा शोध. मी वेधशाळेत काम करते, म्हणून सगळ्यांसमोर उभं राहून दुजोरा द्यावा, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मी फक्त 'येते' म्हणाले.

तारा मी यंत्राने मोजला. अंतर सुमारे चारशे प्रकाशवर्षं, तापमान बेचाळीसशे केल्व्हिन, तेजाची प्रत ६.१ (आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). जुन्या नोंदीही काढल्या. अकरा वर्षांत तो बदललेला नाही.

बदलले ते तुमचे डोळे. रांझीच्या आपल्या घराच्या गच्चीवरून तुम्ही दुर्बिणीतून त्याची तुलना शेजारच्या पांढऱ्या ताऱ्याशी करत आलात. मोतीबिंदू पिवळा पडत गेला की निळा प्रकाश अडतो, नारिंगी बराचसा आत येतो. पांढरा तारा तुमच्यापुरता मंदावला आणि तुम्हाला वाटलं, नारिंगी उजळला. कारखान्यात माल तपासायचात तेव्हा केसभर फरकासाठी तो परत पाठवायचात. स्वतःचे डोळे मात्र कधी तपासून घेतले नाहीत.

मी अकरावीत होते, वहीत आकडे लिहायला बसायचे. एकदा तुम्ही ५.९ सांगितलंत. मला ६.१ दिसत होतं, मी तेच लिहिलं. तुम्ही खोडरबर माझ्या हातात दिलंत. "तुझे डोळे कच्चे आहेत. मी सांगून राहिलो ते लिही." शेजारचे जगदीशकाका हसले, "साइंटिस्ट है भैया, बाप को सिखाती है." घर सोडेपर्यंत मी तुमचेच आकडे लिहिले.

मोतीबिंदूचा अंदाज मला दोन वर्षांपूर्वीच आला होता. गेल्या पावसाळ्यात महाराजपूरच्या वळणावर तुमची मोटरसायकल घसरली, तेव्हाही मी बोलले नाही. ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं, हे मला माहीत होतं. मला काय दिसतं हे तुम्ही एकदा तरी विचाराल, म्हणून थांबले.

आता चारचौघांत विचारणार आहात, म्हणून हे पत्र. मी उभी राहीन आणि ६.१ सांगेन. भाषण रद्द करायचं असेल तर मंडळाच्या भाऊरावांना शनिवारपर्यंत कळवा. सोबत वहीचं ते पान आहे. उजेडात तिरपं धरलं की खोडलेला आकडा अजून वाचता येतो. तुम्हाला दिसणार नाही. आई सांगेल तो मान्य करा.

तुमचीच,
चिन्मयी