आठ चित्रांतला उजवा पाय

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितेय. चित्रांच्या मेललाच हे पत्र जोडलंय. फोनवर बोलता येत नाही; घर दोन खोल्यांचं आणि बाबांचे कान तिखट.

तुझ्या गेमबद्दलचा निरोप मिळाला, ‘आपला हिरो लंगडतोय, नीट काढ.’ आधी मापांचं सांगते. तुझा दरवाजा चौसष्ट पिक्सेलचा, म्हणून रंगारी, म्हणजे आपले बाबा, अठ्ठेचाळीसचा केला. त्यात डोकं सोळा, बादली सात. पहिल्यांदा बत्तीसचा केला होता. आई म्हणाली, “अगं, एवढुसा? आधीच घरात त्यांना कोण जुमानतं!” आपल्यावर गेम निघतोय म्हणून बाबांची स्वारी खूश. “मिशी विसरू नकोस,” म्हणाले. दोन पिक्सेलमध्ये बसवली.

चालण्याची आठ चित्रं मी मनानं काढलेली नाहीत. बाबांना बोळातून चालायला लावलं, मोबाइलवर टिपलं आणि व्हिडिओ थांबवत थांबवत गिरवलं. डावा पाय छान उचलतो. उजव्याची बोटं आठही चित्रांत जमिनीलाच आहेत. मला वाटलं, माझंच चुकलं. दोनदा पुसलं. मग व्हिडिओ परत बघितला.

पाय उचलत नाही दादा. फरफटतो.

बाबांना दाखवलं. “चप्पल ढिली आहे.” अनवाणी चालायला लावलं, तर चिडले. “ग्रॅज्युएट झालीस, डॉक्टर नाही झालीस!” मला आपलं वाटायचं, डोळ्यांसमोर पुरावा ठेवला की माणूस ऐकतो. एवढी शिकले, आणि बापाला दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेता येत नाही.

शेवटी एकटीच जाऊन डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ दाखवला. म्हणाल्या, “व्हिडिओला तपासू का मी? माणूस घेऊन ये. लवकर.” ‘लवकर’ दोनदा म्हणाल्या.

येत्या सोमवारपासून बाबांनी चार मजली इमारतीचं बाहेरून रंगवायचं काम धरलंय. परांचीवर चढायचंय. मुकादमांना सांगते म्हटलं, तर म्हणाले, “सांगून बघ, मग मला बाबा म्हणू नकोस.” तुला कळवायचं नाही अशीही शपथ घातलीय.

मी कॉलेजात होते तेव्हा तू त्यांच्या शेजारी परांचीवर उभा होतास. त्या कामातलं ते तुझं ऐकतील. माझं कशाला ऐकतील? मी खालून बघणारी.

तू म्हणतोस तसं चित्र सुधारून देईन. पाय दोन पिक्सेल वर घ्यायचा, अर्ध्या तासाचं काम. गेममध्ये बाबा सरळ चालतील.

पण तू ये. फोन करू नकोस, “काही नाही रे” म्हणून ठेवून देतील. रविवारी संध्याकाळपर्यंत दारात उभा राहा. शपथ मोडल्याबद्दल ते माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल.

तुझी,
आणखी काय करावं ते खरंच न कळणारी,
धाकटी