स्वभावाच्या आड

३ नोव्हेंबर २०२४, खारघर
आज नव्या सदनिकेत राहावयास आलो. अकरावा मजला, उत्तम उजेड. सकाळी वंदना झाली, जाईने खीर केली. तसबिरी मी पाणसळ लावून, बुडबुडा मधोमध आल्यावरच टांगल्या. बुद्धांची तसबीर चौथ्या खेपेस मनासारखी बसली. शेजारचे रशीदभाई कौतुकाने पाहत होते. जाई त्यांना म्हणाली की समोरचा डोंगरही वाकडाच आहे, हे आता सिडकोकडे अर्ज करतील. मीही हसलो. बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या काटेकोरपणाची तिने थट्टा केली, तक्रार कधी नाही.

१९ नोव्हेंबर
जाई भाजी आणावयास गेली असता घरात तिच्याच आवाजात ‘वाकडं’ असा शब्द स्पष्ट ऐकू आला. पाहिले तो एक तसबीर खरोखर कलली होती. सरळ केली. आवाज थांबला.

८ डिसेंबर
आवाज आता माणसांविषयी बोलतो. जाई मान कलती करून भाकरी थापत होती. मी मागून दोन्ही हातांनी तिची मान धरली व सरळ केली. ती किंचाळली, तेव्हा जोर किती लागला ते कळले.
जाई मला मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांच्या मते आजार दोन आहेत. टोकाचा काटेकोरपणा हा व्यक्तिमत्त्वाचा जुना विकार. आवाज ही निराळी व्याधी. पहिल्याच्या आड दुसरी वाढली, म्हणून घरात कोणास दिसली नाही. गोळ्या दिल्या.

२० डिसेंबर
आवाज दबला, परंतु मी दिवसभर पेंगतो. जाईने गोळ्या बंद केल्या. मानेचा पट्टा सावरीत म्हणाली की इतकी वर्षे काढली, स्वभावाला कुठे औषध असते? मी रुकार दिला. द्यावयास नको होता.

२७ डिसेंबर
रशीदभाई चहास आले. त्यांचा डावा खांदा खाली होता. हातोडी — हाड मोडलेले ऐकले. कण्हत ते जाईला म्हणाले की वहिनी, ह्यो स्वभाव नाय.

२८ डिसेंबर
न्हाणीघरात आतून कडी लावली आहे. जाई बाहेर सुरक्षित राहावी एवढ्याचसाठी. रुग्णवाहिका निघाली आहे म्हणे. हातोडी आत कशी आली, आठवत नाही. टाकवत नाही.

जाईला वाटते मी जिवाचे बरेवाईट करीन. बाहेरून म्हणते, अहो, दार उघडा. आवाज म्हणतो, दार उघड, तिला सरळ कर. तो मला अरेतुरे करतो. गळा दोघांचा एकच, तेवढ्यावरूनच ओळखतो —

रुग्णवाहिका नाही अजून —

आता तोही ‘अहो’ म्हणतो —

अहो, रुग्णवाहिका आली, मी खाली आहे, उघडा. असे म्हणाली. जाईच असावी. अकरा मजले खाली आहे म्हणजे दाराबाहेर नाही — मी कडी काढ