माझं बीपी, हिचा हात

३ मार्च
बीपीच्या गोळ्या संपल्या. दवाखान्यात जाणार नाही म्हणजे नाही. मागच्या खेपेला डॉक्टरांनी सगळ्या पेशंटांसमोर झापलं: सिगरेट सोडा, पोट कमी करा, जमत नसेल तर ड्रायव्हिंग स्कूलची नोकरी सोडा. मी जगाला ब्रेक दाबायला शिकवतो. मला कोणी ब्रेक लावायचा नाही.
ऑनलाइन डॉक्टर मिळतात म्हणे. घरबसल्या गोळ्या, उपदेश नाही.

४ मार्च, सकाळी
व्हिडिओवर डॉक्टरीणबाई. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, असा बसलो. बाई मऊ बोलल्या. गोळ्या देते, पण आधी रोज घरी बीपी मोजून आकडे पाठवा. फार वर गेले तर प्रत्यक्ष दाखवावं लागेल. पाठवू की. घाबरतो की काय!

५ मार्च
मशीन आणलं. मोजलं. आकडा लिहिण्यासारखा नाही. सकाळी शिकाऊ बाईंनी गाडी दुभाजकावर चढवली, त्याचा परिणाम. आजचा धरायचा नाही.

६ मार्च
आजचाही धरायचा नाही. सिगरेट ओढल्या ओढल्या मोजलं. उद्यापासून सिगरेट मोजल्यानंतर.

७ मार्च
तोडगा सापडला! हिचं मोजायचं. ही म्हणजे खणखणीत तब्येत, लग्न झाल्यापासून अंथरूण धरलेलं आठवत नाही. आकडे हिचे, नाव माझं, गोळ्या मला. कुणाच्या बापाचं काय गेलं?
हिला सांगितलं, मशीन नीट चालतं का बघतोय. भाजी चिरता चिरता हिने डावा हात पुढे केला.
आकडा माझ्याहून जास्त. मशीन बिघडलेलं. उद्या दुकानदाराला धरतो.

८ मार्च
दुकानदाराशी कडाक्याचं भांडण. त्याने मशीन स्वतःला लावलं, नॉर्मल. शेजारच्या न्हाव्याला लावलं, तोही नॉर्मल. दोघे सामील असणार. बदलून घेतल्याशिवाय हललो नाही.

९ मार्च
हेही बिघडलेलं. हिचा आकडा परवापेक्षा वर. तसाच पाठवून दिला. बघू दे बाईंना, लोक काय काय विकतात ते.

१० मार्च, सकाळी
बाईंचा स्वतःहून फोन. स्पीकरवर घेतला. डोकं दुखतं का, अंधारी येते का? ठणकावून सांगितलं, काहीही होत नाही, मशीन भिकार आहे.
स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "मला येते की अंधारी. डोकं तर रोजच दुखतं."
बाईंनी विचारलं, कोण बोलतंय. बायको, म्हटलं. शेवटी सांगितलं. हात हिचा होता.
वाटलं, आता फैलावर घेणार. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

१० मार्च, दुपारी
तोच दवाखाना, तेच डॉक्टर. हिला इंजेक्शन दिलं, आजचा दिवस ठेवून घेणार आहेत. धोका टळला, वेळेवर आणलंत, असं ते मला सगळ्या पेशंटांसमोर म्हणाले. मी खाली बघत उभा राहिलो.
मग कॉटजवळ बसून हिला जरा रागातच विचारलं, इतकं दुखत होतं तर बोलली का नाहीस?
ही म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, माझं बीपी वाढवू नकोस."