जीपला नैवेद्य

मयूर विहार, दिल्ली
१६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप कृष्णातमामा,

पायांवर डोके ठेवून नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे सध्या तो पत्रातूनच जमतो.) आठ महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. ऑफिसात कामाचा व्याप होता असे लिहिणार होतो. पण रोजनिशी उघडून पाहिली, तर या आठ महिन्यांत ‘मामांना पत्र लिहिणे’ ही नोंद एकवीस वेळा आहे आणि व्यापाची एकदाही नाही. फोन केला असता, पण फोनवर बोललेले वाऱ्यावर जाते हे तुमचे मत मला ठाऊक आहे. शिवाय तुम्ही फोन बंद करून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवल्याचे द्वारकामामींनी सांगितले. गुडघा कसा आहे? मामींच्या डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर म्हणाला होतात, ते ठरले का? आम्ही तिघेही बरे आहोत. प्रज्ञाचे शाळेत शिकवणे चालू आहे, लेक सुकन्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि माझा रक्तदाब, डॉक्टरांच्या शब्दांत, ‘विचार करण्यासारखा’ आहे. मी तो रोज करतो.

पत्राचा विषय जीप आहे हे तुम्ही ओळखलेच असेल. चार वर्षांपूर्वी दिल्ली कॅन्टोन्मेंटमधले बिऱ्हाड आवरून गावी जाताना तुम्ही मला जीप दिलीत आणि तिच्यासोबत लॉगबुक. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे काढलेल्या माणसाचे लॉगबुक ते. त्याच्या पहिल्या पानावर तुम्ही लाल शाईने लिहून ठेवले आहे: वर्षातून एकदा गाडी अवघड डोंगर चढली पाहिजे, इंजिन कोणी उघडायचे नाही, चालक राजीव, दुसरा कोणी नाही. यातले एक जरी मोडले तर गाडी जावईबापूंच्या, म्हणजे विश्वजितरावांच्या, पोल्ट्रीवर. तुमचेच हुकूम तुम्हाला वाचून दाखवतो असे वाटेल, पण ते पान मी इतक्या वेळा वाचले आहे की लिहून काढल्याशिवाय राहवत नाही.

आता पहिली कबुली. पहिल्या तीन वर्षांच्या रकान्यात मी ‘डोंगर: झाला’ असे लिहिले आहे. तो डोंगर म्हणजे दिल्लीतला रिज. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे रिज हा अरवली पर्वताचाच शेवटचा तुकडा आहे, त्यामुळे नोंद खोटी म्हणता येणार नाही. दुसऱ्या वर्षी तोच रिज दुसऱ्या बाजूने चढलो. तिसऱ्या वर्षी एका लग्नाला जाताना तो वाटेत लागला. (त्या रात्री रोजनिशीत मी ‘हे बरोबर आहे का?’ असे लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली होती. पण रेघ मारल्याने मन साफ होत नाही.)

फेब्रुवारीत तुमचे कार्ड आले: ‘यंदाचा डोंगर फोटोसह कळवणे. विश्वजित विचारतो आहे.’ मामा, ते कार्ड वाचल्यावर मला डोळ्यांपुढे मागच्या सीटवर कोंबड्यांचे पिंजरे दिसू लागले. ही गाडी मला का हवी हे मी स्वतःला अनेकदा विचारले. आठवड्यात सहा दिवस मी मेट्रोने जातो. रविवारी ती धुतो. पण ऑफिसात पंधरा सेक्शन ऑफिसर आहेत आणि ‘जीपवाले साहब’ एकच आहे. शेहेचाळिसाव्या वर्षी माणसाजवळ एवढे तरी असावे. सुकन्याला हे कार्ड दाखवले, तर तिने मला न विचारता एका ग्रुपमध्ये आमचे नाव घातले. हे लोक हिमाचलात रोहडूच्या पुढे चांशल खिंड ओलांडून पलीकडे कच्च्या वाटेने उतरतात. ग्रुपच्या प्रमुख डॉक्टर निधी. त्या इथे दिल्लीतल्या द्वारकेला दातांचा दवाखाना चालवतात आणि सुट्टीत दगडांवरून गाड्या चालवतात. त्यांची अट अशी की आधी फरिदाबादच्या बाजूला अरवलीत गाडीची चाचणी. त्यात पास झालात तरच पुढे.

गाडी तयार करायला मी हणमंतरावांकडे गेलो. तुमच्या हाताखालचे हवालदार, आता कॅन्टोन्मेंटच्या सदर बाजाराजवळ गॅरेज चालवतात, तेच. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटला चक्क हात जोडले. स्प्रिंगचे पाटे बदलले (इथे त्यांना कमानी म्हणतात), ब्रेक नवे घातले, टायर जाड नक्षीचे चढवले. पण इंजिनाचा विषय काढला की ते हात पुसत बाजूला व्हायचे. सुभेदार साहेबांनी बांधलेले इंजिन आहे, त्यांचा हुकूम आल्याशिवाय त्याचा एक नटसुद्धा मी फिरवणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मी पाच रविवार तिथे गेलो. सुकन्याही यायची. ती गाडीखाली आणि मी स्टुलावर, असा आमचा क्रम होता. अधूनमधून हणमंतराव ‘चाचणी’ म्हणून तिला घेऊन गाडीतून चक्कर मारून यायचे आणि मी तेवढ्यात चहा संपवायचो. चकरा फार लांब होतात असे मला वाटले होते. विचारले नाही, हे मात्र खरे.

शेवटी स्नॉर्कल बसवला. हा तुमच्या वेळी या गाडीला नव्हता म्हणून सांगतो. ओढ्यातून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवेची नळी बॉनेटच्या कडेने टपापर्यंत वर नेतात. तिचे तोंड पुढे बघत असते, हत्तीने सोंड वर करून बसावे तसे. हवेचीच नळी, इंजिनाला हात नाही, असे म्हणत हणमंतरावांनी तेवढे केले.

मग दसरा आला, आणि माझ्या सासूबाई कुमुदताई नवरात्रासाठी पुण्याहून आल्या होत्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही रीतसर पूजा केली. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, समोर नारळ. इथवर सगळे दरवर्षीसारखे. पण सासूबाईंचे लक्ष त्या नळीच्या तोंडाकडे गेले. आपण शस्त्राची पूजा करतो, वहीची करतो, त्यांना तोंड नसते म्हणून नैवेद्य नुसता दाखवतो. पण जिला तोंड आहे तिला उपाशी कसे ठेवायचे, असा त्यांचा विचार. त्यांनी स्टूल मागवले, वर चढल्या, नळीच्या तोंडावरची जाळी काढली (ती हाताने निघते, हणमंतरावांनीच दाखवले होते) आणि मूठभर कुंकवाच्या अक्षता आणि चांगला लिंबाएवढा गूळ-खोबऱ्याचा गोळा आत सोडला. मी दोन हात अंतरावर उभा होतो. सांगायला पाहिजे होते. पण सासूबाई स्टुलावर उभ्या असताना जावयाने ओरडू नये, असे मला वाटले. आणि खरे सांगायचे तर, थोडा आशीर्वाद आत गेला तर बरेच, असेही वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाळीतून टॉर्च मारून पाहिले. काही दिसले नाही. दिसले नाही म्हणजे नाही, अशी मी समजूत करून घेतली. ही माझी जुनी खोड आहे.

चाचणीला हणमंतरावही सोबत आले. जीप पहिले दोन चढ सहज चढली. पुढे पाण्याचा खड्डा होता. त्यातून बॉनेटवर पाणी उडवत बाहेर आली, आणि तिसऱ्या चढाच्या मध्यावर खोकली, थरथरली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली की तीन मिनिटांनी पुन्हा बंद. डॉक्टर निधी दोन्ही हात कमरेवर ठेवून आल्या, कान देऊन आवाज ऐकला आणि दाताचे मूळ सडले आहे हे सांगावे त्या सुरात म्हणाल्या, “अंकल, इंजन खोलना पड़ेगा।” (अंकल. त्या स्वतः चाळिशीच्या असतील.) एक मेकॅनिक पाने घेऊन तयारच होता. हणमंतराव त्याच्या आणि बॉनेटच्या मध्ये उभे राहिले. माझी स्थिती तुम्ही समजू शकता. उघडू दिले तर हुकूम मोडला, न उघडले तर डोंगर राहिला. दोन्हीकडून पोल्ट्री.

तेव्हा मला ते बोलावे लागले. अकरा अनोळखी लोकांसमोर, हिंदीत, सासूबाईंनी गाडीला काय भरवले ते मी सांगितले. ‘नैवेद्य’ला प्रसाद म्हटले, ‘अक्षता’ला चावल. तो मेकॅनिक प्रसाद या शब्दावर हात जोडून मागे सरला. हणमंतरावांनी इंजिनाला स्पर्श न करता बाजूची हवेच्या फिल्टरची डबी उघडली. आत फिल्टरवर गुळाचा पाक पसरला होता, त्यात खोबऱ्याचे तुकडे, आणि आत झिरपलेल्या पाण्याने व इंजिनाच्या उष्णतेने तांदूळ फुगून अर्धवट शिजले होते. हणमंतरावांनी बोटाने थोडे उचलले, नाकाशी नेले आणि गंभीरपणे म्हणाले, “साहेब, नारळीभात झालाय. वेलदोडा राहिला.”

मामा, त्या क्षणी मला जे हलके वाटले ते मी शब्दांत सांगू शकत नाही. अकराही लोक हसत होते आणि मी सगळ्यांत जास्त. तुमच्या इंजिनात काहीच खोट नव्हती. फिल्टर नवा घातला, जीप पहिल्या किल्लीला चालू झाली, उरलेले चढ चढली आणि डॉक्टर निधींनी वहीत ‘पास’ लिहून खाली शेरा मारला: खाना गाड़ी के बाहर खाएँ। फिल्टरची डबी हा इंजिनाचा भाग आहे की नाही, हे तुम्हीच ठरवा. हणमंतराव नाही म्हणतात. मी दोन रात्री त्यावर विचार केला आणि माझेही मत तेच झाले, पण माझ्या मताला या बाबतीत स्वार्थाचा वास येतो.

आणि मग डोंगर झाला, मामा. खराखुरा. पहाटे दिल्ली सोडली, पानिपतला पराठे खाल्ले (तिथे आम्ही, मराठी माणसे नेहमी राहतात तसे, दोन मिनिटे गप्प राहिलो), रोहडूला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा हजार फुटांवर खिंडीत पोचलो. गवत पिवळे पडले होते, सावलीत बर्फ उरला होता आणि वारा असा की टोपी काढून खिशात ठेवावी लागली. पलीकडची उतरण म्हणजे दगड, चिखल आणि एका बाजूला काहीच नाही. जीप एकदाही चुकली नाही. चिखलात डॉक्टर निधींची मोठी गाडी रुतली, तिला दोर लावून आपल्या जीपने बाहेर ओढले. ‘अंकल की जीप’ असे सगळे म्हणत होते आणि या वेळी मला अंकलचे वाईट वाटले नाही. फोटो सोबत जोडले आहेत. पाचही फोटोंत गाडी स्वच्छ दिसते.

आम्ही परवा सुखरूप परत आलो. पाटे शाबूत, ब्रेक शाबूत, माणसे शाबूत. आता यंदाचा रकाना स्वच्छ मनाने भरता येईल. मामींना नमस्कार. विश्वजितरावांना सांगा की कोंबड्यांसाठी टेम्पोच बरा, त्यात हवा खेळती राहते.

आपला आज्ञाधारक भाचा,
राजीव

ता. क. फोटोत गाडी स्वच्छ दिसते, पण चालवणारा दिसत नाही, हे तुमच्या लक्षात येईलच. वर्कशॉपमधल्या माणसाच्या नजरेतून ते सुटणार नाही. खिंडीपर्यंत मी चालवली. पुढे उतरणीच्या तोंडाशी गाडी दोनदा बंद पडली, आणि दोष गाडीचा नव्हता. माझा पाय ब्रेकवरून निघत नव्हता. मागे सहा गाड्या. सुकन्या म्हणाली, “बाबा, तुम्ही उतरा. मी बिल्कुल हळू घेते.” मी उतरलो. साडेचार किलोमीटर गाडीच्या मागे चालत गेलो (कंबर त्यामुळे धरली आहे) आणि तिला एक एक दगड मोजून चाक ठेवताना पाहिले. रुतलेली गाडीही तिनेच ओढली. वर मी ‘जीप एकदाही चुकली नाही’ असे लिहिले आहे. जीप काय करणार? हणमंतरावांच्या त्या लांब चकरा कशाच्या होत्या ते मला तेव्हा कळले. परत आल्यावर त्यांना विचारले, तर म्हणाले की लॉगबुकात नाव नव्हते म्हणून तुम्हाला सांगितले नाही, पण हात सुभेदार साहेबांचा आहे.

ता. क. दुसरे. म्हणजे शेवटचा हुकूम मी मोडला आहे, आणि तुम्ही म्हणाल तर गाडी पुढच्या आठवड्यात रेल्वेने पाठवतो. कुरकुर करणार नाही. पण त्याआधी एक मागणे आहे, आणि आठ महिन्यांनी पत्र लिहायला बसलो ते खरे तर त्यासाठीच. यंदाचा रकाना भरून लॉगबुक वेगळ्या टपालाने पाठवतो आहे. पहिल्या पानावर माझे नाव तुम्ही तुमच्या हाताने खोडा आणि तिथे तुमच्या हाताने ‘सुकन्या’ लिहा. ती मागणार नाही. तिला वाटते गाडी माझी आहे आणि मला तिचा फार अभिमान आहे. होताच. पण मामा, खिंडीत स्टेअरिंग सोडून खाली पाय टेकला तेव्हा मला इतके मोकळे वाटले की पुढचे साडेचार किलोमीटर मी शीळ घालत चाललो.

ता. क. तिसरे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर महाराष्ट्र मंडळाने माझ्या अभिनंदनाचा कागद लावला आहे: ‘चांशलवीर राजीवजी’. दोन दिवस मी त्याच्यासमोरून जातो आहे आणि काल तर वाचायला थांबलोही. उद्याचे काम: खाली जाऊन त्या कागदावर नाव बदलणे.