पडद्यावरच्या दोन बाटल्या

सांगली, मंगळवार, १३ नोव्हेंबर १९७९. संध्याकाळ.

तासगावहून आमच्या दवाखान्यात बाळंतपणाला आलेली ती बाई आज दुपारी गेली. बाळ वाचलं.

डॉक्टरांनी परदेशातून आणलेल्या, टेबलावर मावणाऱ्या कॉम्प्युटरसाठी रक्ताच्या बाटल्यांच्या यादीचा प्रोग्रॅम मीच लिहिला. काल बाळंतपणानंतर तिचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. तिच्या गटाच्या दोन बाटल्या. "मिरजेला कुणी जाऊ नका, आपल्याकडे आहे," म्हणाले. फ्रिज उघडला तर एकही नव्हती. मग मी स्कूटर काढली. मिरजेहून रक्त घेऊन येईपर्यंत तास गेला.

नर्सबाई रडत होत्या. "अहो, सकाळीच दोन्ही दुसऱ्या पेशंटला दिल्या. मी नोंद केली होती." केली होतीच, मी तपासलं. कॉम्प्युटरच्या आत आकडा शून्य झाला होता, पडद्यावर मात्र दोनच. आत काही बदललं की पडद्याला कळवायचं, एवढंच लिहायचं मी मागे ठेवलं होतं. यादी नव्याने उघडली की दिसेल, म्हटलं. घाईत नव्याने कोण उघडतं? दोन. तो आकडा डोळ्यांपुढून हलत नाही.

डॉक्टर म्हणाले, "फ्रिज मीच आधी बघायला हवा होता." चूक माझ्या प्रोग्रॅमची, हे मी त्यांना तरी सांगायला नको होतं?

तिचा नवरा फौजेत, सुट्टीवर आलेला. जाताना त्याने माझे दोन्ही हात धरले. "सायेब, काल तुमी लय पळापळ केलीसा. इसरणार न्हाई."

मी म्हणालो, "असू दे."