एका ‘नाही’ला दोन ‘हो’

टॅमरॅक बेंड, आयडाहो
१२ फेब्रुवारी १९८६

माझ्या अंगणात पाटी रोवायला तुझ्या आईला सांगितलं कोणी? सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला दार उघडलं, तर ही बर्फात उभी. निळी, माझ्या छातीएवढी, ‘शाळेच्या रोख्यांना हो म्हणा’. अंगण माझं, बर्फ माझा, आणि ‘हो’ तिचं! उपटली आणि खुराड्याच्या भोकावर ठोकली. आता कोंबड्या वाचतात.

चि. लुआनास आशीर्वाद. राग तुझ्या आईवर आहे, तेव्हा तुझ्या आशीर्वादात काटछाट केलेली नाही.

शाळा गळते हे खरं. वऱ्हांड्यात अकरा बादल्या आहेत, पोरं वर्गात कोट घालून बसतात. पण त्यासाठी सात लाख डॉलरचे रोखे विकायचे आणि ते वीस वर्षं आम्ही घरपट्टीतून फेडायचे. मी एकोणऐंशीची. माझ्या वाटचं कोण फेडणार, कोंबड्या? त्या शाळेत मी तीन वर्षं काढली, मग बीटच्या शेतात खुरपं हातात आलं. त्या तीन वर्षांचे पैसे शाळेने माझ्याकडून कधीच वसूल केलेत.

तुझी आई जनील समितीची मुख्य झाली आहे. दारोदार कागद वाटते. माझा मुलगा असून तुझा बाप वेल्डन तिच्या मागून हातोडा घेऊन फिरतो. कागदावर तिने मोठ्या अक्षरांत छापलंय, की आपल्याकडे निम्मी मतं पुरत नाहीत, तीनांत दोन लागतात, म्हणून एक ‘नाही’ पुसायला दोन ‘हो’ हवेत. मी दोनदा वाचलं. एवढ्या वर्षांत मला कोणी दोघांच्या बरोबरीची म्हटलं नव्हतं.

दात दुखतो म्हणालीस, तो उपटून टाक. कुरवाळत बसू नकोस.
तुझी आजी ऑर्फा


एल्को, नेवाडा
१९ फेब्रुवारी १९८६

ती. आजीस तुझ्या लाडक्या, आणि आता एक दात कमी असलेल्या नातीचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसले, मग रडू आलं. आजी, या खेपेला ‘नाही’ म्हणू नकोस गं. मुख्याध्यापकांनी मला तिसरीचा वर्ग कबूल केला आहे. पण रोखे मंजूर झाले तरच. नाही झाले तर निकालानंतर आठवड्याभरात शाळेला कुलूप लागेल आणि पोरं चाळीस मैलांवरच्या शाळेत बसने जातील. मी इथे पत्र्याच्या भाड्याच्या घरात चौथा हिवाळा काढते आहे. मला गावी यायचं आहे.

आईने तुला सांगितलंच असेल, म्हणून लिहिते. तुझं घर शाळेच्या समोरच, ते मला सोयीचं पडेल. आई तुझ्यासाठी तिच्याकडची शिवणाची खोली रिकामी करते आहे. बाबांनी पलंगाचं मापही घेतलं म्हणे. तुलाही बरं, एकटीने लाकडं फोडायला नकोत. मी तर तुझ्या स्वयंपाकघरासाठी पडद्यांचं कापडसुद्धा घेऊन ठेवलं आहे. कोंबड्या मात्र आईला नको आहेत. त्यांचं काहीतरी बघू.

‘हो’ म्हणवत नसेल तर निदान त्या दिवशी घरीच बस. एवढं माझ्यासाठी कर.
तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
लुआना


टॅमरॅक बेंड
२७ फेब्रुवारी १९८६

चि. लुआनास आशीर्वाद, दाताच्या खळग्यासकट.

पत्र पोचलं. शिवणाच्या खोलीचं मला कोणी बोललं नव्हतं. आता कळलं. खिडकी उत्तरेला आहे तिची.

तुझं म्हणणं मी मानलं. जनील परवा मनुकांचा केक मागायला आली होती, तिला म्हणाले, मतदानाच्या दिवशी मी घराबाहेर पाऊल टाकत नाही. तिने माझे हात धरले. मग म्हणाली, तीही माझ्या बरोबरीने घरी बसेल, म्हणजे फिटंफाट. मी म्हटलं, बाई गं, कागद तूच छापलास ना? माझा एक म्हणजे तुमचे दोन. वेल्डनलाही बसव. तिचा चेहरा पडला. समितीची मुख्य आणि मत नाही, लोक काय म्हणतील! मग तिने बोटांवर हिशोब केला आणि कबूल झाली. तर अकरा मार्चला, मतदान चालू असेल तेवढा वेळ, दुपारी बारापासून रात्री आठपर्यंत आम्ही तिघं माझ्या स्वयंपाकघरात पत्ते खेळणार. एकमेकांवर नजर ठेवून.

सोमवारी अंडी घेऊन जिल्ह्याच्या गावी गेले होते. कोर्टाच्या इमारतीत एक काम होतं, तेही उरकलं. कारकून पोरगी गोड होती, मला पेन दिलं.

थंडी आहे. कानाला गुंडाळून जात जा.
तुझी आजी


एल्को, नेवाडा
१५ मार्च १९८६

ती. आजीस नमस्कार. आज हाताला लिहवत नाही.

आईचा फोन आला होता. चारशे अकरा ‘हो’, दोनशे सहा ‘नाही’. चारशे बारा हवे होते. एका मताने, आजी! सारखी म्हणते, आम्ही दोघं गेलो असतो तर. मी तिला समजावलं, की तुम्ही दोघं गेला असतात तर आजीही गेली असती, आणि तो एकचा खड्डा तसाच राहिला असता. तेव्हा कुठे ती शांत झाली. म्हणाली, ऑर्फाने शब्द पाळला, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी सरळ वागली.

समिती आता पुन्हा मत घेणार नाही. मुख्याध्यापकांनी दुसरीकडे नोकरी धरली. मीही इथला करार तीन वर्षांनी वाढवून दिला. गावात एक कोणीतरी आहे, जो शाळेसमोरून रोज जातो आणि ज्याने त्या दिवशी ‘नाही’वर फुली मारली. देवाने त्याला भरपूर आयुष्य द्यावं आणि कोणी भेटायला येऊ नये, एवढंच मागते.

तू तरी बरी आहेस ना? तुझं घर तुझंच राहिलं, तेवढं एक चांगलं झालं.
लुआना


टॅमरॅक बेंड
२१ मार्च १९८६

ज्याला शाप देतेस त्याचं नाव तरी विचारायचं होतंस. बाई आहे ती.

चि. लुआना, आशीर्वाद देते. घ्यायचा की नाही ते पत्र संपल्यावर ठरव.

ती ‘नाही’वरची फुली अकरा तारखेची नव्हतीच. चोवीस फेब्रुवारीला मी अंडी घेऊन गेले होते ना, तेव्हाची. ज्यांना त्या दिवशी यायला जमत नाही त्यांना कोर्टात आधी मत देता येतं. कारकून पोरीने विचारलं, आजी, त्या दिवशी कुठे जाणार? मी म्हटलं, कुठेच नाही, मला घरी बसवून ठेवणार आहेत. फुली मारली, पाकीट चिकटवलं, येताना कोंबड्यांना खाऊ घालायला शिंपल्यांचा चुरा घेतला. जनील हात धरायला आली ती दुसऱ्या दिवशी. तिला मी खोटं बोललेले नाही. घराबाहेर पाऊल टाकत नाही म्हटलं, नाही टाकलं.

आठ तास ती दोघं माझ्यासमोर बसली. मी मनुकांचा केक केला. वेल्डनने तीन तुकडे खाल्ले. चार वाजता जनील खिडकीतून शाळेकडे बघत होती, लोक मत द्यायला आत जात होते. तिला म्हणाले, पान टाक. निघताना तिने माझ्या गालाचा मुका घेतला.

तू तिला शिकवलेला हिशोब चुकला. मी आधीच गेलेली होते. ती दोघं नुसती कोट चढवून रस्ता ओलांडून गेली असती, तर शाळा राहिली असती, तू आली असतीस आणि मी उत्तरेच्या खिडकीत. तुझ्या आईला हे माहीत नाही. कळवायचं की नाही ते तुझ्यावर. कळवलंस तर ती पुन्हा झोपायची नाही. नाही कळवलंस तर ती दर नाताळला माझे आभार मानील आणि तू समोर बसून ऐकशील. मला दोन्ही चालेल.

पलंगाचं माप घेण्याआधी कोणी दार वाजवून विचारलं असतं, तर कदाचित मी तुला घर दिलंही असतं. आता ती गोष्ट राहू दे. शाळेच्या दारावर परवा फळ्या ठोकल्या. ठोकणारा वेल्डनच. हातोडा त्याचाच ना. शाळेने बादल्या वाटून टाकल्या, मी दोन आणल्या. चांगल्या आहेत.

उत्तर तूच लिहायचं. पाकिटावर तुझ्या आईचं अक्षर दिसलं तर न फोडता चुलीत जाईल. आणि पहिल्या ओळीत, नमस्काराच्याही आधी, माझ्या स्वयंपाकघराला कुठल्या रंगाचे पडदे घेतले होतेस ते लिही.
ऑर्फा